चित्रदालनातले तुमचे अनुभव

'आपल्याला काय कळतंय चित्रातलं' असं म्हणत वर्षानुवर्षं दालनाच्या दारावरूनच परत फिरणारी मी. हल्ली मात्र आत जाते. जवळच्या दालनातलं प्रदर्शन, व्याख्यान, कार्यशाळा, काहीही चालेल. तुम्हाला काय अनुभव आला ते लिहा. फजितीचे किस्से आधी!

माझीच सांगते. लिनोकटच्या, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून कागदावर छाप काढायच्या, कार्यशाळेत बाईंनी दोनदा बजावलं होतं की अक्षर उलटं कोरायचं. मी कोरणी हातात घेतली, तासभर खपून आद्याक्षर सुलटं कोरलं, रोलरने शाई लावली, कागद दाबला आणि उचलला. अक्षर आरशातलं! पण तिथेच एक उलगडा झाला. छापचित्राखाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ३/१२ असं लिहिलेलं असतं ना, ती मी आजवर तारीख समजत होते. बारा प्रतींतली तिसरी प्रत, एवढाच त्याचा अर्थ.

*

प्रदर्शन लावायला मदतनीस म्हणून जातो. चित्रं लहानमोठी असली तर खालच्या कडा एका रेषेत आणायच्या नसतात, प्रत्येकाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमीवर धरायचा. एकदा टेप, पाणसळ लावून सगळं चोख केलं होतं. उद्घाटनाला चाकाच्या खुर्चीतून आलेल्या एक आजी म्हणाल्या, "छान आहे रे, पण मला काचेत नुसता दिवाच दिसतोय." मी शेजारी उकिडवा बसून पाहिलं. खरंच की! शिडी पुन्हा आणली आणि दिवे फिरवले. आता दिवे लावून झाले की एक फेरी खुर्चीत बसूनच मारतो.

*

जलरंगांच्या प्रदर्शनात अंधार फार म्हणून मी तक्रार वहीत खरमरीत लिहून आले. पुढच्या खेपेला तिथल्या मुलीने नीट समजावलं : कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि ते नुकसान साठत जातं. दोन मिनिटं थांबले, डोळे सरावले, मग दिसू लागलं. वहीतलं पान फाडावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

*

व्याख्यानांबद्दल एकच. 'माझा एक छोटासा प्रश्न आहे' म्हणून उठणाऱ्या माणसाच्या हातात माइक देऊ नये.

*

मी पाहुणा नाही, दालनात पहाऱ्याला असतो. लिहावं की नाही, विचार करत होतो. लोक आधी बाजूची पाटी वाचतात, मग चित्राकडे नजर टाकतात आणि पुढे सरकतात. मी मात्र एकेका चित्रासमोर महिनाभर बसतो. एका मोठ्या तैलचित्रात, खाली उजवीकडे, निळ्या रंगात ब्रशचा एक केस अडकलेला होता. सकाळचं ऊन तिरपं आलं की तेवढाच दिसायचा. शेवटच्या दिवशी चित्रकार चित्रं उतरवायला आले तेव्हा त्यांना दाखवला. ते गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर सारला, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, हा मला कधी दिसलाच नाही."