मदत हवी आहे : जुन्या पिकअपमध्ये ५.३ व्होर्टेक इंजिन बसवलं, आयडलला तापमानाचा काटा उड्या मारतोय

मंडळी, १९७८ च्या शेव्हरोले सी-१० चं काम अगदी शेवटाला येऊन अडकलंय. मूळचं कार्ब्युरेटरवालं ३५० (३५० घनइंची) इंजिन काढून तिथे ५.३ लिटरचं व्होर्टेक, म्हणजे एलएम७, बसवलंय. गिअरबॉक्स जुनाच, टीएच३५० ऑटोमॅटिक. या इंजिनाचा क्रँक फ्लँज (क्रँकशाफ्टचं गिअरबॉक्सकडचं टोक) जुन्यापेक्षा ०.४ इंच पुढे असतो, म्हणून मध्ये स्पेसर टाकून टॉर्क कन्व्हर्टरची फट मोजून घेतलीय. त्या बाजूची काळजी नाही. पेट्रोलसाठी टाकीत इलेक्ट्रिक पंप आणि ५८ पीएसआयचा रेग्युलेटरवाला फिल्टर. चोरी रोखण्याचं लॉक पीसीएममधून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून) काढून टाकलंय. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, ऑइल प्रेशर झकास, मिसिंग नाही.

दुखणं वेगळंच आहे. आयडलला पाचदहा मिनिटं उभी ठेवली की डॅशवरचा काटा अर्ध्यावरून एकदम लाल पट्टीकडे जातो आणि जरा रेस दिली की धाडकन खाली येतो. त्याच वेळी स्कॅनरवर पीसीएम ९५-९८ अंश दाखवत शांत असतो. पीसीएमचा सेन्सर ड्रायव्हरकडच्या सिलिंडर हेडला पुढे आहे. डॅशच्या मीटरचा सेंडर (काट्याला तापमान कळवणारा वेगळा सेन्सर) दुसऱ्या हेडला पार मागे, अ‍ॅडाप्टर लावून बसवलाय. खरं कोण बोलतंय?

थर्मोस्टॅट नवीन आहे. फॅन योग्य दिशेने हवा ओढतो, कागद धरून पाहिलं. ऑइलमध्ये पाणी नाही, पांढरा धूर नाही, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडेही येत नाहीत, त्यामुळे हेड गॅस्केटवर माझा संशय नाही. हीटर अजून जोडायचाय, तोवर वॉटर पंपाच्या हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना बूच मारलंय. आणखी एक: हेडच्या पुढच्या कोपऱ्यांना जोडणारी जी बारीक नळी असते तिचं तोंड इंजिन आलं तेव्हापासून बंदच आहे. जुन्या रेडिएटरला ती जोडायला जागाच नाही. ओळखीतले एक जण म्हणाले, असू दे, चालतं. खरंच चालतं का?

प्रतिसाद १
नाही चालत. सगळ्या धाग्यातली कामाची ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत! हेडचे कोपरे ही पाण्याची सगळ्यात उंच जागा. वाफ आणि अडकलेली हवा तिथेच जमते आणि त्या नळीतून बाहेर पडते. नळी बंद असली की सेंडरभोवती कधी पाणी, कधी वाफ. रेस दिली की पंप पाणी ढकलतो, वाफ सरकते, काटा पडतो. मागचे दोन कोपरे बंद असले तरी हरकत नाही, नंतरच्या इंजिनांत कंपनीनेच ते बंद केले. पुढचे मात्र उघडे हवेतच. रेडिएटरच्या वरच्या टाकीला जागा नसेल तर वॉटर पंपाच्या वरच्या भागात भोक पाडून, आटे काढून तिथे जोडा. पंप उतरवूनच ड्रिल करा, बुरादा आत जाता कामा नये.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. भर एवढीच की ३५० चा थर्मोस्टॅट पाणी बाहेर पडतं तिथे असतो, तुमच्या इंजिनात तो पाणी आत येतं तिथे आहे. हीटरच्या वाटेने फिरून येणारं गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचायला हवं. बूच काढा आणि दोन्ही नळ्या एका होजने एकमेकींना जोडून टाका. कूलंट भरताना गाडीचं नाक वर करा. अ‍ॅडाप्टरमुळे सेंडरचं टोक पाण्याच्या प्रवाहाबाहेर राहतं, ही दुसरी शंका. इन्फ्रारेड थर्मामीटर दोन्ही हेडवर, सेन्सरच्या अगदी शेजारी धरून आकडे लिहून ठेवा.

धागाकर्ता
आभार. नळी पंपाला जोडली, हीटरच्या नळ्यांना होज घातला, नाक वर करून पुन्हा भरलं. उड्या थांबल्या. काटा अजून स्कॅनरपेक्षा थोडा वर असतो, पण एका जागी असतो. इन्फ्रारेडचा आकडा स्कॅनरच्या बाजूने आहे, म्हणजे सेंडर आणि मीटरची जोडी बघावी लागणार. ते निवांत करेन. आता अल्टरनेटर: इंजिन सुरू झाल्यावर चार्जिंग नाही, जोरात रेस दिली की सुरू होतं. त्याचं ‘एल’ टर्मिनल (चार्जिंग सुरू करायचा इशारा येतो ती पिन) मोकळं आहे. त्याला इग्निशनचे १२ व्होल्ट देऊ का?

प्रतिसाद २
थेट देऊ नका, आतला रेग्युलेटर जाईल. पीसीएमच्या वायरिंगमध्ये त्याची वायर असेल तर तीच लावा. नसेल तर डॅशवरच्या चार्जिंगच्या दिव्यातून किंवा रेझिस्टरमधून द्या. आणि त्याआधी ब्लॉक ते चासी, चासी ते बॅटरी या अर्थिंगच्या पट्ट्या रंग खरवडून बसवल्यात का ते बघा.