विषय: ए-लेव्हलनंतर अकाउंटिंग फर्ममध्ये डेटाची डिग्री अप्रेंटिसशिप, कुणाला अनुभव आहे का?

प्रेषक: कुलकर्णी काकू, रेडिंग

नमस्कार मंडळी,

आमच्या धाकट्याचं ए-लेव्हलचं, म्हणजे इथल्या बारावीचं, हे शेवटचं वर्ष. मॅथ्स, इकॉनॉमिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स घेतलंय. त्याच्या मनानं घेतलंय की पूर्णवेळ युनिव्हर्सिटीत न जाता एखाद्या अकाउंटिंग फर्ममध्ये डेटा अ‍ॅनालिटिक्सची डिग्री अप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करत करत डिग्री, करायची. ह्यांना ते पचत नाहीये आणि पुण्याहून सासूबाईही रोज विचारतात, "कॉलेजात का नाही जात?" डिग्री इतरांसारखीच मिळते का, पोरगा दिवसभर करणार काय, आणि शेवटी तो सीए होतो का, एवढं कुणी समजावून सांगेल का? घरात कुणी हे केलं असेल तर मोकळेपणानं लिहा.

——

प्रेषक: सायली, बर्मिंगहॅम

काकू, नमस्कार.

मी हेच करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. फर्मचं आणि क्लायंटचं नाव लिहिणार नाही, आमच्याकडे गोपनीयता फार काटेकोर आहे.

डिग्री इतरांसारखीच. लेव्हल ६, म्हणजे पूर्ण बॅचलर्स, आणि पदवी विद्यापीठच देतं. इंग्लंडमध्ये या अप्रेंटिसशिप २०१५ पासून आहेत. फीचा एक पैसा आपल्याला भरावा लागत नाही. वर्षाला ३० लाख पौंडांहून जास्त पगार वाटणाऱ्या कंपन्यांकडून सरकार एप्रिल २०१७ पासून अर्धा टक्का लेव्ही, म्हणजे अप्रेंटिसशिपसाठीचा कर घेतं, त्यातून फी जाते. युनिव्हर्सिटीत गेलेल्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींचं गणित वेगळं आहे. २०२५-२६ ची कमाल फी ९,५३५ पौंड. शिवाय ऑगस्ट २०२३ पासून कोर्स सुरू केलेल्यांना वर्षाला २५,००० पौंडांवर जेवढा पगार असेल त्याचे ९ टक्के कर्जापोटी द्यावे लागतात, आणि उरलेलं कर्ज माफ होतं ते चाळीस वर्षांनी.

आता दिवसभर काय करतो ते. लोकांना वाटतं आम्ही रंगीत डॅशबोर्ड बनवतो. पॉवर बीआय हे चार्टचं सॉफ्टवेअर वापरतोच, पण माझा बराचसा वेळ त्याच्या आधीच्या कामात जातो. ऑडिटसाठी क्लायंटकडून वर्षभराच्या जर्नल एन्ट्रीज, म्हणजे हिशेबाच्या नोंदी, येतात. त्या लाखांनी असतात. पहिला प्रश्न एकच: सगळं आलंय का? प्रत्येक खात्याची सुरुवातीची शिल्लक घ्यायची, तीत वर्षाच्या नोंदी मिळवायच्या आणि उत्तर ट्रायल बॅलन्समधल्या (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या तक्त्यातल्या) अखेरच्या शिलकेशी ताडून बघायचं. जुळत नाही तोवर पुढच्या कामाला हात लावायचा नाही.

एकदा असंच जुळेना. खात्यामागून खात्यात फरक, आणि सगळे वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांतले. फाइलच्या ओळी मोजल्या तर बरोबर १०,४८,५७६. एक्सेलच्या एका शीटमध्ये तेवढ्याच ओळी मावतात. पाठवण्याआधी कुणीतरी लेजर (खातेवही) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलं होतं आणि खालच्या सगळ्या नोंदी गळल्या होत्या. थेट सिस्टिममधून टेक्स्ट फाइल मागवली, पुन्हा चालवली आणि पेनीपर्यंत जुळलं. ती अर्धवट फाइल तशीच पुढे गेली असती तर चार्ट सुंदर आले असते आणि साफ खोटे असते. मला या कामाची गोडी लागली ती इथे.

त्यानंतर नोंदींची चाळणी. वरिष्ठांनीच नियंत्रणं डावलून हिशेब फिरवलेत का, हे तपासणं ऑडिटरला आयएसए २४० या आंतरराष्ट्रीय ऑडिट मानकानुसार सक्तीचं आहे. म्हणून वर्ष संपल्यावर टाकलेल्या, सुट्टीच्या दिवशी पडलेल्या, वर्णन रिकामं असलेल्या, सहसा लेजरला हात न लावणाऱ्या माणसानं केलेल्या नोंदी वेगळ्या काढतो. रात्री दोनच्या शेकडो एन्ट्रीज दिसल्या की आधी धस्स होतं, पण त्यांतल्या बहुतेक सिस्टिमनं आपोआप टाकलेल्या असतात. कोणती खरंच विचारण्यासारखी, हे ठरवायला एसक्यूएल आणि पायथॉन या कोडिंगच्या भाषा पुरत नाहीत. तो धंदा कसा चालतो, माल कधी निघतो, बिल कधी होतं, हे कळावं लागतं. त्यामुळे ज्याला फक्त कोडिंग करायचंय त्यानं सॉफ्टवेअर कंपनी बघावी, असं मी स्पष्ट सांगते.

अवघडही आहे. जानेवारी ते मार्च ऑडिटचा हंगाम, आणि असाइनमेंटच्या तारखा नेमक्या त्यातच. अभ्यासाला नोकरीच्या वेळातून वेळ देणं मालकावर बंधनकारक आहे आणि तो मिळतोही, पण डेझर्टेशन (डिग्रीचा प्रबंध) त्यात मावत नाही, शनिवार-रविवार जातात. हॉस्टेलचं आयुष्य मला मिळालं नाही आणि त्याचं वाईट वाटतं. काकांना हेही सांगा.

सीए मात्र यातून होत नाही.

——

प्रेषक: जोशी, हॅरो

कुलकर्णी वहिनी,

सायलीचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या लोकांचा गोंधळ तिथेच होतो. इथे चार्टर्ड व्हायचं तर आयसीएईडब्ल्यू या इथल्या सीए संस्थेची एसीए ही परीक्षा निराळी, तिच्यासाठीची अप्रेंटिसशिप लेव्हल ७ ची. आणि जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ चा सरकारी निधी, काही अपवाद सोडले तर, सुरुवातीला वय १६ ते २१ असलेल्यांनाच मिळतो. म्हणजे डेटाची डिग्री पुरी करून मग एसीएकडे वळायचं झालं, तर तो खर्च फर्मनं स्वतःच्या खिशातून करायला हवा. अनेक फर्म करतातही, पण मुलाखतीत हे विचारून घ्यावं.

मी पुण्यात आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) केली तेव्हा ती तीन वर्षांची होती. आयसीएआय या भारतातल्या सीए संस्थेनं २०२३ च्या नव्या योजनेत दोनची केली. लाल-हिरव्या पेन्सिली घेऊन आम्ही व्हाउचिंग, म्हणजे बिलं-पावत्यांची तपासणी, करायचो, हजारातली पन्नास व्हाउचर काढून. ही मुलं हजारच्या हजार तपासतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण त्या पन्नास व्हाउचरांवरचा शिक्का, खाडाखोड, दोन वेगळ्या पुरवठादारांच्या बिलांवर एकच हस्ताक्षर, हे आम्ही डोळ्यांनी पाहायचो. लेजरच्या ओळीत ते येत नाही. चिरंजीवांना सांगा, पहिल्याच वर्षी हट्ट धरून एकदा क्लायंटच्या गोदामात स्टॉक मोजायला जावं.

——

प्रेषक: देशपांडे, मिल्टन कीन्स

सायली, आम्ही अडीच वर्षांपूर्वी स्किल्ड वर्कर व्हिसावर आलो, मुलगी डिपेंडंट आहे, आता बारावीच्या वर्गात. आयएलआर (कायम राहायची परवानगी) नाही म्हणून स्टुडंट लोन मिळणार नाही असं शाळेनं सांगितलंय. मग हा रस्ताही बंदच का?

——

प्रेषक: सायली, बर्मिंगहॅम

काका, बंद नाही, म्हणून लगेच लिहितेय. इंग्लंडच्या निधीच्या नियमात आयएलआरची अट नाही. काम करायची परवानगी हवी, व्हिसा शिक्षणासाठी घेतलेला नसावा, आणि कोर्स सुरू होण्याआधीची तीन वर्षं यूकेत वास्तव्य हवं. ती पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू करेल तोपर्यंत तुमची तीन वर्षं भरलेली असतील. मात्र कोर्स संपेपर्यंत व्हिसा चालू राहील का, हे काही फर्म स्वतः पाहतात आणि पुढे स्पॉन्सर करायला तयार नसतात. अर्ज करण्याआधीच एचआरला मेल टाका आणि उत्तर लेखी घ्या. निधीचे नियम गव्हर्नमेंटच्या साइटवर दरवर्षी नव्याने येतात, तिच्या सुरुवातीच्या वर्षाचेच वाचा.

काकू, तुमच्यासाठीही: हे अर्ज यूकासमधून, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या केंद्रीय यंत्रणेतून, नसतात, थेट फर्मकडे करायचे. सप्टेंबरपासून उघडतात आणि जागा भरल्या की तारखेआधीच बंद होतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत अर्ज गेलेले बरे. यूकासचा फॉर्मही भरून ठेवा, दोन्ही एकत्र चालतं. ऑनलाइन टेस्ट, मग व्हिडिओ मुलाखत, मग असेसमेंट सेंटर, म्हणजे शेवटच्या निवडचाचण्या. तिथे आम्हाला विक्रीचा एक तक्ता दिला होता आणि बघत होते की कोण आधी आकडे तपासतो आणि कोण थेट निष्कर्षावर उडी मारतो. तुमचा मुलगा आणि देशपांडे काकांची मुलगी, दोघांचीही तयारी करून घ्यायला मला आवडेल, रविवारी दुपारी मोकळी असते. मंडळाच्या ग्रुपवर माझा नंबर आहे.