गुडघे, खुबा, बोटं... ऑस्टिओआर्थरायटिससोबत जगताना: अनुभव धागा

१२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन असतो, त्यानिमित्ताने हा धागा काढतेय. ऑस्टिओआर्थरायटिस म्हणजे सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) झिजत जाते तो आजार, घरात आपण सरळ 'गुडघे गेले' म्हणून मोकळे होतो. पण तो खुब्यात, मणक्यात, हाताच्या बोटांतही होतो. आणि मुंबईत जिना कोणाला चुकलाय, स्टेशनचा पूल आहे, चाळ आहे, लिफ्ट बंद पडली की मग बघायलाच नको. पन्नाशीनंतर कितीतरी बायका "आता वय झालं" म्हणून मुकाट सोसतात, ते खरंच बघवत नाही. ज्यांना आहे त्यांनी लिहा, ज्यांच्या घरात कोणाला आहे त्यांनीही लिहा. फक्त गोळ्यांचे डोस एकमेकांना सांगू नका प्लीज, ते ज्याने त्याने डॉक्टरांना विचारायचं.

गिरगावातून
आमची चाळ, तिसरा मजला, संडास गॅलरीच्या टोकाला आणि तोही भारतीय पद्धतीचा. सासूबाई संध्याकाळचा चहा नको म्हणायला लागल्या, पाणीही घोटभरच. मला वाटलं भूक मंदावली असेल. मग एकदा जवळ बसून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, रात्री उठावं लागलं तर खाली बसून परत उठता येत नाही गं." दुसऱ्याच दिवशी संडासात ठेवायची कमोड खुर्ची आणली, आता चहा मागून घेतात. फिजिओवाल्या ताईंनी जिन्याचं शिकवलं ते सगळ्यांना उपयोगी पडेल, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. सासूबाई आधी चुकून दुखऱ्या बाजूलाच धरत होत्या, बहुतेक जण तसंच धरतात.

प्रभादेवीतून
हा म्हाताऱ्यांचा आजार आहे असं समजू नका. मी कबड्डी खेळायचो, विशीत गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, तेव्हा पट्टी बांधून परत मैदानात. आता चाळिशी ओलांडली आणि एक्स-रेत झीज दिसतेय, डॉक्टर म्हणाले जुन्या दुखापतीनंतर असं लवकर होऊ शकतं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिलाय, पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची आणि पाचपर्यंत मोजून सोडायची. बातम्या बघता बघता होतो. मंडळातल्या पोरांना कळकळीने सांगतोय, दुखापत झाली तर नीट बरे होऊनच खेळा रे.

मुलुंडहून
रोजची लोकल आहे. आपल्या स्टेशनवर लिफ्ट कुठल्या डब्यासमोर येते ते बघून ठेवा आणि त्याच डब्यात चढा, मोठा फरक पडतो. दुसरं वजन. एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. हे ऐकल्यावर मला दोन किलोसुद्धा थोडे वाटेनात.

परळहून
मी पोळीभाजीच्या ऑर्डरी घेते. नखांजवळच्या पेरांना गाठी आल्या, शेजारणी म्हणाल्या युरिक ॲसिड, कोणी म्हणालं आमवात. डॉक्टरांनी हात नीट बघितले, रक्ततपासणी केली आणि समजावून सांगितलं की आमवातात सकाळचा ताठरपणा तासाच्या वर राहतो, मनगट आणि बोटांची मुळं सुजतात, माझं अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं आणि दुखणं टोकाच्या पेरांत आहे, म्हणजे हा ऑस्टिओआर्थरायटिस. दोन्हीचे उपचार वेगळे, म्हणून निदान करून घ्याच. आता कणीक मशीनवर मळते, लाटण्याच्या मुठींना सुती कापड गुंडाळून जाड केलंय, आणि सकाळी आधी कोमट पाण्यात हात. काम सोडलेलं नाही.

भांडुपहून
बाबांना कोणीतरी 'गुडघ्याच्या पुड्या' आणून दिल्या, ना नाव ना लेबल. दोन-तीन दिवसांत पळायला लागले, सगळी बिल्डिंग पत्ता विचारायला लागली. नंतर चेहरा सुजला, शुगर वर गेली. डॉक्टरांनी बघताक्षणी स्टिरॉइडचा संशय घेतला. आणि हे महत्त्वाचं, अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम बंदही करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

बोरिवलीहून
आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन झालं. व्यायाम, गोळ्या, सगळं करूनही रात्रीची झोप जायला लागली तेव्हा निर्णय घेतला. ती घाबरत होती, मामाने आठवण करून दिली की वाजपेयींचं २००० साली एका गुडघ्याचं आणि २००१ मध्ये दुसऱ्याचं ऑपरेशन इथेच, ब्रीच कँडीला झालं होतं आणि नंतरही ते पंतप्रधानपदावर होतेच की. खर्चाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली, नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, त्यामुळे बिलात इम्प्लांटचा आकडा वेगळा मागून बघा. पहिले काही आठवडे गुडघा वाकवण्याचा व्यायाम फार दुखतो, तेव्हा घरातलं कोणीतरी शेजारी बसायला हवं. आईला खाली मांडी घालायची नाही, गौरीची पूजा खुर्चीवर बसून केली आणि गुरुजींनी चौरंग उंच टेबलावर मांडला.

जोगेश्वरीहून
माझ्या मिस्टरांचं जांघेत दुखतं, मोजे घालायला वाकता येत नाही, हर्निया आहे का बघायला गेलो तर तो नाही म्हणाले. हे खुब्याचं असू शकतं का?

धागाकर्ती
हो ताई, खुब्याचं दुखणं पुष्कळदा जांघेतच जाणवतं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्या. तोवर अगदी पडून राहू देऊ नका, झेपेल तेवढं सपाट रस्त्यावर चालू द्या. आणि सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा पाय टेकवेनासा झाला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा. मोज्यांसाठी लांब दांड्याचं साधन सर्जिकलच्या दुकानात मिळतं, दादरला चौकशी करून बघा, मिळालं तर किंमत इथे लिहा, बाकीच्यांनाही लागेल.