रेंजवरची रिकामी काडतुसं रिलोडिंगला घ्यावी का?

प्रश्न: शूटिंग रेंजवर लोकांनी झाडलेल्या काडतुसांची पितळी केस (रिकामी नळकांडी) नुसती पडून असतात, रिलोडिंगसाठी, म्हणजे नवी दारू-गोळी भरून परत वापरायला, गोळा करावी म्हणतोय. कुठली घ्यायची न कुठली सोडायची?

रिप्लाय: आधी रेंज ऑफिसरला विचार बाबा, काही ठिकाणी पडलेलं पितळ रेंजचंच धरतात. आणि फायरिंग थांबल्याशिवाय वाकायचं नाही. .22 रिमफायर (पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो ती) सोडून दे, त्यात प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा भाग, बदलता येत नाही.

रिप्लाय: लोहचुंबक ने सोबत, स्टीलची केस लगेच चिकटतात, ॲल्युमिनियमची चिकटत नाहीत पण रंगावरून कळतात. मग उजेडात आत बघ, बुडाला मधोमध एकच भोक असेल तर बॉक्सर प्रकारच्या प्रायमरची, ती घे, दोन बारीक भोकं म्हणजे बर्डन प्रकारची, त्याचा प्रायमर काढणं म्हणजे नसती डोकेदुखी. तोंडाशी चीर असेल किंवा रायफलच्या केसला बुडाजवळ चकचकीत कडं दिसलं तर सरळ भंगारात. आणि 9 मिमीच्या ढिगात .380 ची (दुसऱ्या मापाची) केस घुसलेली असतात, हेडस्टॅम्प, म्हणजे बुडावर कोरलेलं माप, वाचत जा, कंटाळा येतो पण इलाज नाही.

प्रश्नकर्ता: भारी! न फुटलेला राउंड सापडला तर?

रिप्लाय: खिशात घालू नको, ऑफिसरला दाखव. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नको, त्या काजळीत शिसं असतं, कोरडं टम्बलिंगपण (केस मशीनमध्ये घुसळून साफ करणं) घरात नको.