लातूरला मेसवर जेवणाऱ्या भावाला सिलियाक निघालंय, गहू बंद कसा करायचा?

अहमदपूरची_ताई

नमस्कार. माझा लहान भाऊ बारावीला आहे, लातूरला नीटच्या क्लाससाठी रूम करून राहतो अन् जेवायला मेस लावलीय. लहानपणापासून किडकिडीतच, उंची बी म्हणावी तशी वाढली नाही, हिमोग्लोबिन कायम कमी, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळला तरी ते काय वर सरकना. घरचे म्हणायचे जंत असतील, टेन्शन असेल, बाहेरचं खात असेल. दिवाळीनंतर पोट फुगणं अन् जुलाब लयच वाढले म्हणून पोटाच्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी केली ती खूप जास्त आली, मग दुर्बीण टाकून आतड्याचा तुकडा तपासला अन् सिलियाक डिसीज नक्की झालं. औषध नाही म्हणले, जन्मभर गहू बंद. पोळी, बिस्कीट, ब्रेड, रवा, मैदा सगळं बंद. अन् एक छापील कागद दिला त्यात किनोआ, बदामाचं पीठ असलं लिहिलंय. आता ते अहमदपुरात कुठं शोधायचं अन् सापडलं तरी रोज कोण खाऊ घालणार.

घरी असता तर अवघड नव्हतं, आमच्याकडं अजून बी रात्रीला भाकरच असते. पण मेसमधी दोन्ही टाईम पोळ्या. मेसवाले म्हणतेत पोळी घेऊ नको, भात जास्त घे, भाजी सगळ्यांची तीच घे. एवढ्यानं भागतं का? आई म्हणायलीय मी रोज एसटीनं डबा पाठवते, गावातली बरीच जण पाठवतेत तसं. पप्पा म्हणतेत वर्ष गेलं तरी चालंल, घरी घेऊन या त्याला. भाऊ म्हणतो मी क्लास सोडून कुठंच येत नाही. ज्यांच्या घरी हे प्रकरण आहे त्यांनी सांगा प्लीज.

भगर_आमटी (परभणी)

ताई, पहिल्यांदा तो किनोआचा कागद घडी घालून ठेवून द्या. मला पण सिलियाकच आहे, लग्नानंतर कळलं, अन् मी तरी आजपर्यंत किनोआ तोंडात घातलेला नाही. आपण मराठवाड्यातले आहोत हेच या आजारात आपलं नशीब समजा. या आजारात त्रास देतं ते ग्लूटेन नावाचं चिकट प्रथिन, ते असतं गव्हात, जवात अन् राय नावाच्या एका धान्यात जे आपल्याकडं कुणी खातच नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, बटाटा, शेंगदाणे, यात ग्लूटेन नाही. म्हणजे आपली आजी जे रोज खायची ते सगळं चालतं, अन् जे सणालाच व्हायचं ते बंद. उपवासाचं तर जवळपास सगळंच चालतं, फक्त भगरीचं अन् राजगिऱ्याचं पीठ सुटं आणू नका, एक तर भेसळ अन् दुसरं म्हणजे जुन्या भगरीच्या पिठानं विषबाधा झाल्याच्या बातम्या दर नवरात्रात वाचतोच आपण. भगर निवडून घरी दळायची.

खरा घोळ धान्यात नाही, जे डोळ्याला गहू म्हणून दिसत नाही त्यात आहे. हिंगाचंच बघा. डबीतला हिंग हा शुद्ध हिंग नसतो, त्यात पीठ अन् डिंक मिसळलेला असतो आणि ते पीठ बऱ्याचदा मैदाच असतो. म्हणजे रोजच्या वरणाच्या फोडणीतून थोडं थोडं पोटात जायलाय. डबीवर मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचायचं, तांदळाच्या पिठातला हिंग पण मिळतो, नाहीतर सरळ हिंग बंद, काही अडत नाही. दुसरं येसर. येसराची आमटी म्हणजे आपला जीव, पण येसर करताना ज्वारी बाजरीसोबत गहू पण भाजून घालतात. मी गहू वगळून करते, चवीत फरक कुणाला कळत नाही (सासूबाईंना कळतो, त्यांना सगळंच कळतं). धपाट्याच्या पिठात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, सातूचं पीठ नावाला सातू पण आपल्याकडं ते गव्हाचंच करतात, कुरडया गव्हाच्या चिकाच्या, शेवया गव्हाच्या, वरणफळं तर विचारूच नका. दुधात टाकायच्या पावडरी असतात ना ताकदीच्या, त्यात माल्ट म्हणजे जवाचा अंश असतो, त्या पण नको. मल्टीग्रेन आटा नावाला भुलू नका, त्यात बहुतेक करून गहूच जास्त असतो. ज्या पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहिलंय त्यात कायद्यानं किलोला 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन नसायला पाहिजे, त्यामुळं ते चालतं पण महाग पडतं अन् गरज पण नाही एवढी.

मेसचं तुम्ही विचारलं, तर नाही, नुसती पोळी सोडून भागत नाही. ज्या ओट्यावर शंभर पोळ्या लाटतात तिथं पिठी उडून सगळ्या भांड्यात पडते, रस्सा घट्ट करायला कधी कणीक लावतात, पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळतात. दिवसाला 50 मिलिग्रॅम ग्लूटेन रोज जात राहिलं तरी आतड्याला नडतं असं तपासून बघितलेलं आहे, म्हणजे हिशेब केला तर एका पोळीचा साधारण पन्नासावा तुकडा. म्हणून भाजी वेगळी पाहिजे, किमान पोळ्यांपासून लांब केलेली.

अन् वर्ष वाया घालवायची काय गरज नाही ओ. पोरगं हुशार आहे, त्याला घरात आणून बसवलं तर आजारापेक्षा त्याचाच जास्त त्रास होईल.

रानातला_माणूस

एवढं घाबरायचं कारण नाही. हे सगळं हायब्रीड गव्हानं अन् रासायनिक खतानं झालंय. आपल्या आज्या पंज्यांना कुठं होतं सिलियाक? खपली गहू खाऊ घाला, जुनं वाण आहे, शुगरवाले पण खातात, पचायला हलका. अन् एकदम बंद केलं की शरीराची सवय मोडते, थोडं थोडं चालू ठेवा म्हणजे पचायला लागतं. आमच्या ओळखीत एकाला काढ्यानं फरक पडलाय, पाहिजे तर पत्ता देतो.

लॅबवाला_नांदेड

वरच्या भाऊंचा मान ठेवून सांगतो, खपली अजिबात नको. खपली पण गहूच आहे, त्यात पण ग्लूटेन आहे. पचायला हलका असेल तुमच्या आमच्यासाठी, पण सिलियाकमधी प्रश्न पचनाचा नाही, शरीरातली प्रतिकारशक्तीच ग्लूटेन बघून स्वतःच्या आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला केसाळ टॉवेलसारखी लव असते ती झडून सपाट होते अन् मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह मुख्यतः त्याच वरच्या भागात शोषलं जातं म्हणून तर ताईंच्या भावाच्या गोळ्या वाया गेल्या. सवय लावून हे बरं होत नाही अन् काढ्यानं बी नाही.

हायब्रीडचं म्हणाल तर, गव्हाचा अन् या आजाराचा संबंध दाखवला तो विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला 1930 च्या दशकातच गव्हावर संशय होता, पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमधी ब्रेड मिळेना झाला, लोक उपाशी मरत होते, अन् त्या काळात ही आजारी पोरं सुधारली, पुन्हा ब्रेड मिळायला लागला तशी परत आजारी पडली. 1950 ला त्याचा प्रबंध आला. आपल्याकडं बुटक्या जातीचा, तुम्ही हायब्रीड म्हणता तो, गहू आला तो 1960 च्या दशकाच्या मधे. मग ती पोरं कुठला हायब्रीड गहू खात होती? अन् आज्या पंज्यांचं विचाराल तर ते गहू खातच कुठं होते रोज, पोळी व्हायची दिवाळी अन् पोळ्याला. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिलो आली ती पण ज्वारीच होती. आता रेशनवर गहू, सकाळी पोळी, चहात बिस्कीट, मधल्या सुट्टीत मॅगी. हा आजार पंजाब, हरियाणा त्या बाजूला जास्त सापडतो ते उगाच नाही, तिकडं पहिल्यापासून गहूच.

ताई एक महत्त्वाचं, जे डॉक्टरनं सांगितलं असेल किंवा नसेल. हा आजार घराण्यात असतो. सख्ख्या भावंडांत, आई-वडिलांत साधारण दहा-पंधरा जणांत एकाला निघतो, कधी कधी काही त्रास नसताना पण. तुम्ही, आई, पप्पा तिघांनी टीटीजी करून घ्या, सोबत टोटल आयजीए पण करा (आयजीए म्हणजे रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं, टीटीजीत तीच मोजतात), कारण काहींचं आयजीएच मुळात कमी असतं अन् मग टीटीजी खोटं नॉर्मल येतं. आणि तपासणी होईपर्यंत गहू सोडायचा नाही! बरेच जण भावासोबत म्हणून घरातल्या सगळ्यांचा गहू बंद करतात अन् मग टेस्टला येतात, काहीच दिसत नाही त्यात.

भावाची टीटीजी सहा महिन्यांनी परत होईल. ती एकदम खाली येत नाही, वर्ष दीड वर्ष पण लागतं, घाबरू नका. व्हिटॅमिन डी, बी बारा अन् थायरॉईड एकदा बघून घ्या डॉक्टरला विचारून. सुरवातीला दूध पचत नसेल तर थोडे दिवस कमी करा, आतडं भरून आलं की बहुतेकांना परत चालतं.

गिरणीवाला_जिंतूर

धान्याचं सगळ्यांनी सांगितलं पण दळणाचं कुणीच बोलंना म्हणून लिहितो. माझी स्वतःची गिरण आहे. गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली तर पहिलं किलो दीड किलो पीठ मिसळच निघतं हे धंद्यातल्या कुणालाबी विचारा. दगडाच्या मधी, खालच्या नळीत, तोंडाला बांधलेल्या कापडात, सगळीकडं पीठ बसलेलं असतं. लोक म्हणतेत सकाळी पहिलं दळण आमचं घ्या, पण आदल्या रात्रीचा गहू आतच असतो की. माझ्याकडं एक गिऱ्हाईक आहे तसंच, मी त्यांना सरळ सांगितलं की माझी गिरण तुमच्या कामाची नाही, घरघंटी घ्या. धंदा गेला माझा पण खोटं कशाला बोलायचं. घरघंटीत गहू एकदाबी टाकायचा नाही, शेजारणीनं मागितली तरी द्यायची नाही, हे लय अवघड जातंय बायकांना.

अजून एक. ज्वारी घरची असली तरी ज्या हडंब्यानं (मळणी यंत्रानं) गहू काढला त्याच हडंब्यानं ज्वारी काढली तर दाणे येतातच मिसळून. निवडायची, दोन पाण्यात धुवायची, वाळवायची, मग दळायची. शाळूत गव्हाचा दाणा निवडताना लगेच दिसतो, आकार वेगळा असतो.

मेसवाली_काकू

मी लातूरला मेस चालवते, नाव सांगत नाही, जाहिरात वाटंल. पोरांच्या आया फोनवर रडतात तवा वाईट वाटतं. खरं सांगू का, मोठ्या मेसमधी हे जमत नसतंय. दोनशे पोरांच्या गडबडीत वाढणारा त्याच हातानं पोळी उचलतो अन् त्याच हातानं भात. अन् आणखी एक, मेसची भाकर मिळाली म्हणून खूश होऊ नका. ज्वारीला चिकटपणा नसतो, थापायला येळ लागतो, म्हणून कुणी कुणी त्यात गव्हाचं पीठ घालून पोळपाटावर लाटतेत. वरून खालून बघून कळत नाही.

तुमच्या भावाला एखादी घरगुती डबा देणारी बाई बघा जी चार पाच जणांचंच करते. बाई भाकरवाली बघा. तवा, परात, पळी, भाकरीचं पीठ तुम्ही आणून द्या, पीठ तुमच्या घरघंटीतलं, अन् पैसे थोडे जास्त द्या, कुरकुर करू नका त्याच्यात. सकाळी आधी त्याचा डबा, मग बाकीच्यांच्या पोळ्या, असं ठरवून घ्या. नाष्ट्याला सुशीला, पोहे, अंडी, साबुदाणा. सुशीला तर रूमवर त्याला स्वतःला करता येतो, मुरमुरे भिजवायचे, पिळायचे, फोडणी द्यायची, झालं. एक छोटा कुकर अन् इंडक्शन घेऊन द्या, खिचडी लावता आली पाहिजे पोराला, डॉक्टर व्हायला निघालाय, खिचडी येईना म्हणजे काय.

एसटीचा डबा थंडीत ठीक आहे, उन्हाळ्यात आंबतो. त्यापेक्षा आईला म्हणा आठवड्याच्या कडक भाकरी करून पाठवा. पातळ थापून तव्यावर मंद आचेवर पार कडक करायच्या, पापडासारख्या, लय दिवस टिकतेत. सोबत शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, दही तिथं विकत मिळतं. ज्या दिवशी डबा आला नाही त्या दिवशी पोरगं बाहेर जाऊन वडापाव खाणार नाही याची सोय म्हणजे ही भाकर.

भगर_आमटी

काकू एकदम बरोबर. फक्त वडापावचं, बेसनाचा वडा असला तरी पाव नाही म्हणून वडा चालेल असं पोरं समजतात, त्याच तेलात ब्रेड पकोडा अन् समोसा तळलेला असतो.

अहमदपूरची_ताई

सगळ्यांचे लय आभार, एवढं डॉक्टरकडं बी कुणी सांगितलं नव्हतं. पप्पांना गिरणीवाल्या भाऊंचा मेसेज वाचून दाखवला, ते पहिल्यांदा म्हणले एवढ्या पिठानं काय होतंय, मग गप बसले. घरघंटी उद्या बघायला जाणार आहेत. घरातली हिंगाची डबी काढून बघितली तर खरंच मैदा लिहिलाय त्याच्यावर. आमच्या तिघांची टेस्ट पण करतो, तोवर पोळी चालू ठेवतो.

भावाला सांगितलं तर त्याचा एकच प्रश्न, येळवसीला (वेळ अमावस्येच्या सणाला) शेतात येऊ का नको. पाहुण्यांचे डबे असतेत, सगळं एकत्र वाढतेत.

लॅबवाला_नांदेड

यायला सांगा की. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकर, यात कशातच गहू नाही, फक्त तुमच्या घरचं पातेलं वेगळं ठेवा अन् त्याला पहिल्यांदा वाढा. गव्हाची खीर तेवढी त्याच्या ताटापासून लांब, अन् कुणी प्रसाद म्हणून घासभर खा म्हणलं तर तुम्ही मोठी बहीण म्हणून आडवं पडा, त्याला बोलायला लावू नका. फोडणीत हिंग घालायचाच तर तांदळाच्या पिठातला नवाच घाला, जुना मैद्याचा नको.