अर्धवट खेळलेल्या गेमवर परखड मत देणे कितपत रास्त?

खसाची ताटी (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. मी गेली चार वर्षे मराठीत व्हिडिओ गेमची परीक्षणे लिहितो. गेम स्वतःच्या पैशाने घेतो, त्यामुळे कुणाची भीड बाळगण्याचे कारण नसते. गेल्या महिन्यात मी २०२४ आणि २०२५ मधल्या पाच गेमवर एक लेख लिहिला आणि माझ्यावर टीकेची झोड उठली. आक्षेप कठोरपणाला नव्हता. पाचपैकी एकच गेम शेवटापर्यंत खेळलो, हे मी लेखातच प्रामाणिकपणे लिहिले होते आणि तोच प्रामाणिकपणा अंगाशी आला.

पूर्ण केलेला गेम म्हणजे फ्रान्समधल्या सँडफॉल या नव्या स्टुडिओचा 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३' (एप्रिल २०२५). पाळी आली की चाल निवडायची ही पद्धत जुनीच आहे, पण शत्रूचा वार अंगावर येतो त्या नेमक्या क्षणी बटण दाबले तर तो परतवता येतो, आणि या एका सोयीमुळे समोरच्याची पाळी चालू असतानाही बोटे सैल सोडता येत नाहीत. तिसऱ्या अंकात मात्र सारा नकाशा मोकळा झाल्यावर मी आधी आडवाटेची कामे उरकली आणि मग मुख्य शत्रूकडे गेलो, तर तो चार फटक्यांत आडवा झाला. इतक्या हळव्या कथेच्या शेवटाला हे शोभत नाही, असे मी लिहिले आणि त्यावर आजही ठाम आहे.

'बालाट्रो' या पत्त्यांच्या गेमचे मी दोन ओळींत कौतुक केले. 'ब्लॅक मिथ: वुकाँग'ची युद्धे देखणी आहेत, पण जिथे वाट आहे असे वाटते तिथे अदृश्य भिंत आडवी येते, ही तक्रार पहिल्याच अध्यायात नोंदवून मी दुसऱ्यात थांबलो. 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' माझ्या लॅपटॉपवर इतका अडखळला की सहा तासांत नाद सोडला.

वाद पेटला तो 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'वरून (सप्टेंबर २०२५). पहिल्या अंकाच्या शेवटी 'लास्ट जज' नावाचा, साखळीला बांधलेले जळते धुपाटणे फिरवणारा शत्रू आहे. त्याच्याकडून हरलो की मागच्या बाकड्यापासून (हरल्यावर खेळ तिथून पुन्हा सुरू होतो), सोसाट्याचा वारा आणि उडते किडे चुकवत, पुन्हा तेवढेच अंतर तोडावे लागते. बावीस वेळा हे केल्यावर मी लिहिले की मणीही (गेममधले पैसे) गेले, रात्रही गेली आणि हाती धुपाटणेही आले नाही. खेळाडूला दुसरा पर्याय न ठेवणारा हा गेम त्याच्या वेळेची कदर करत नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे की, सतरा तास खेळून सोडून दिलेल्या गेमवर असे मत छापणे योग्य आहे का?

मध्यंतर (सिव्हिल लाइन्स)

मुळीच योग्य नाही. वसंतराव देशपांडे सभागृहात नाटकाच्या मध्यंतरातच उठून बाहेर पडलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी त्या नाटकाचे परीक्षण लिहिले, तर आपण ते वाचू का? शितावरून भाताची परीक्षा होते हे मान्य, पण पंगतीत पुढे काय वाढले जाणार आहे ते शितावरून कळत नाही. तुमच्याच लेखात याचा पुरावा आहे. 'एक्सपिडिशन ३३'चा शेवट फसला, हे तुम्हाला शेवटापर्यंत गेल्यामुळेच सांगता आले. प्रस्तावनेनंतर थांबला असता, तर त्याच गेमची तुम्ही निर्भेळ स्तुती केली असती.

एफपीएस काका (नंदनवन)

मध्यंतर यांचा दाखला नाटकाला लागू पडतो, पण नाटक प्रत्येक प्रेक्षकाच्या घरी वेगळ्या रंगमंचावर होत नाही. गेमचे तसे असते. २०२०च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७'ची प्रकाशनापूर्वीची परीक्षणे पीसीवर खेळून लिहिलेली होती. त्यांतली कितीतरी चांगली, मन लावून लिहिलेली होती, आणि तरीही सोनीच्या पीएस४ या गेमयंत्रावर खेळणाऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. तिथे तो गेम इतका ढेपाळला की सोनीने महिना संपायच्या आत तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि २०२१च्या जूनमध्ये परत ठेवला. म्हणून माझ्यासारखा वाचक परीक्षकाने गेम कुठवर खेळला, यापेक्षा कशावर खेळला ते आधी शोधतो. शिवाय स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत मिळण्याची मुदत खरेदीपासून चौदा दिवस आणि खेळण्याचे दोन तास एवढीच असते, त्यामुळे गेम अडखळतो की नाही हे सांगणारे दोन तासांचे परीक्षण मला चाळीस तासांच्या परीक्षणापेक्षा जास्त कामाचे वाटते.

मात्र ताटीभाऊ, 'वाइल्ड्स' तुम्ही कोणत्या महिन्यात आणि किती वाजता खेळलात? माझा अनुभव सांगतो. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंश, खिडकीत कूलर, लॅपटॉपखाली हवा खेळावी म्हणून दोन जाड वह्या सरकवलेल्या. दहा मिनिटांत लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज कूलरच्या आवाजावर मात करतो, चिप शंभर अंशांच्या जवळ गेली की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवते, आणि सेकंदाला पन्नासवर चाललेल्या फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रे, तिशीत येतात. रात्री अकरानंतर त्याच ठिकाणी, त्याच प्राण्यासमोर पुन्हा पन्नास मिळतात. 'वाइल्ड्स' निर्दोष आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही, कारण १०८०पी, म्हणजे साध्या फुल एचडी पडद्यावर, साठ फ्रेमसाठी शिफारस केलेल्या यंत्राच्या अधिकृत यादीतच फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या फ्रेम कृत्रिमरीत्या भरण्याचे तंत्र, गृहीत धरलेले होते आणि पीसीवरच्या तक्रारी जगभरातून आल्या. पण त्यात गेमचा वाटा किती आणि आपल्या उन्हाळ्याचा किती, ही वजाबाकी नागपुरातल्या परीक्षकाने केलीच पाहिजे.

विणकर ताई (महाल)

मी 'सिल्कसाँग' तिन्ही अंकांसह खेळले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मध्यंतर यांनी 'पूर्ण खेळा' असे सांगितले आहे, पण पूर्ण म्हणजे कुठवर? 'सिल्कसाँग'मध्ये दुसऱ्या अंकाच्या शेवटी श्रेयनामावली येते आणि अनेकांनी तिथेच गेम संपला असे मानले. तिसरा अंक लपवलेला आहे आणि ठरावीक कामे केल्याशिवाय तो उघडत नाही. 'बालाट्रो'त आठवी पायरी ओलांडली की जिंकलो म्हणायचे, पण पुढे हवे तितके खेळत राहता येते. 'कॉन्कॉर्ड' हा फक्त ऑनलाइन खेळायचा गेम २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला त्याचे सर्व्हर बंद झाले, म्हणजे तिथे गेमच खेळाडूंच्या आधी संपला. त्यामुळे शेवट गाठला की नाही, या कसोटीवर परीक्षकाला तोलणे मला पटत नाही.

ताटीभाऊंची चूक वेगळीच आहे आणि ती सतरा तासांमुळे झालेली नाही. 'बावीस वेळा तीच वाट तुडवून मी वैतागलो' हा तुमचा अनुभव आहे. तो कुणी खोडू शकत नाही, आणि ती वाट मलाही जाचक वाटली होती. पण 'दुसरा पर्याय ठेवला नाही' हे गेमविषयीचे विधान आहे आणि ते चूक आहे. लास्ट जजला हातही न लावता दुसऱ्या अंकात जाता येते. सिनर्स रोड या भागाच्या बाजूने धुक्याच्या चक्रव्यूहात शिरणारी एक वाट आहे, तिच्या टोकाला वेगळाच शत्रू आहे, आणि ती वाट सोपी नसली तरी तिथे हे धुपाटणे नाही. गेम बनवणाऱ्या टीम चेरीने ती मुद्दाम दडवली आहे, हे तुम्ही लिहिले असते तर ती टीका झाली असती; वाट नाहीच असे लिहिल्याने ती चुकीची माहिती झाली.

दुसरी गोष्ट गेमची नायिका हॉर्नेट हिच्या मुखवट्यांची, म्हणजे तिच्या प्राणांची. बरेच शत्रू एका फटक्यात दोन मुखवटे नेतात, हे तुमच्या लेखातले वाक्य बरोबर आहे. त्याच्या जोडीला हॉर्नेट एका दमात तीन मुखवटे भरून काढते, हे मात्र तुम्ही गाळले. २०१७च्या पहिल्या 'हॉलो नाइट'मध्ये एका वेळी एकच भरायचा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की गेमची चाल कळते: मार मोठा, उतारा मोठा, पण उताऱ्यासाठी लागणारे रेशीम जवळजवळ सगळे खर्ची पडते, म्हणून ते साठवायला पुन्हा शत्रूच्या अंगावर जावे लागते. ही चाल तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण ती विचारपूर्वक रचलेली आहे. आणखी एक, प्रकाशनानंतर काही दिवसांतच पहिल्या सुधारणेत सुरुवातीचे दोन मोठे शत्रू थोडे सौम्य केले गेले, त्यामुळे गेमची कोणती आवृत्ती खेळलात, तेही लिहीत चला.

परत जाणार असाल तर एक सांगून ठेवते. तो जज कोसळला की आनंदाने त्याच्याजवळ धावू नका. कारण सांगत नाही.

मध्यंतर

श्रेयनामावलीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही मध्यंतरात उठलेल्या माणसाने निदान आपली खुर्ची रिकामी होती एवढे तरी पहिल्या ओळीत लिहावे, हा आग्रह मी सोडत नाही.

खसाची ताटी

सर्वांचे आभार. काका, 'वाइल्ड्स' मी मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास खेळलो होतो, तेही गच्चीखालच्या खोलीत. आता थंडी पडल्यावर पुन्हा लावून पाहीन, तोवर लेखातल्या त्या परिच्छेदावर तशी टीप घातली आहे. मध्यंतर, कोणते यंत्र, किती तास आणि कुठे थांबलो, हे यापुढे शीर्षकाखालीच येईल. 'वुकाँग'वरचे माझे मत बदललेले नाही, कारण अदृश्य भिंत पहिल्या अध्यायात डोक्याला लागते ती लागतेच.

ताई, 'पर्याय नाही' हे वाक्य मी काढले आणि चूक कोणी दाखवून दिली तेही लिहिले. वेळेची कदर करण्याबाबतचे वाक्य ठेवले आहे, कारण ते माझ्या बावीस खेपांचे आहे. धुक्याची वाट मला सापडली नाही, म्हणून काल रात्री हट्टाने त्याच वाऱ्यातून गेलो. एकतिसाव्या खेपेला जज कोसळला. तुमचा सल्ला त्या क्षणी आठवला नाही.