'होम'मधले बूव : गोड आहेत, पण घरं बळकावतात त्याचं काय?

निळी_छत्री
मुलीसोबत 'होम' (२०१५) हा ॲनिमेशनपट परत पाहिला. बूव नावाचे परग्रहवासी येतात, सगळ्या माणसांना उचलून ऑस्ट्रेलियात नेऊन ठेवतात आणि त्यांच्या घरांत स्वतः राहायला लागतात. सगळं गमतीगमतीत. त्यांच्यातलाच एक ओ, तो सिनेमाचा नायक. लेक हसत होती, मध्येच म्हणाली, "ही चोरीच झाली ना? मग ओ चांगला कसा?" लहान मुलांसाठी म्हणून विषय फारच गुळगुळीत केलाय का? की मीच जास्त ताणतेय?

पाटीपेन्सिल
ताणताय. मुलांना रंगीत प्राणी आणि उडणारी गाडी पुरते. मांजर मात्र एक नंबर.

उलटा_टॉर्च
पाटीपेन्सिल, प्रश्न मुलीनेच विचारलाय हो. मुलांना कळत नाही हा मुद्दा इथेच बाद.

माझ्या मते गोम आहे ती गोष्ट कोण सांगतंय यात. सिनेमा ॲडम रेक्सच्या २००७च्या पुस्तकावर बेतलाय. पुस्तकात निवेदन टिप या मुलीचं आहे, शाळेच्या निबंधातून. म्हणजे जिचं घर गेलं ती बोलते. सिनेमात सुरुवातीलाच ओ बोलायला लागतो, आणि त्याला मनापासून वाटतं की आपण माणसांवर उपकारच करतोय. सायकली, संडासाची भांडी असल्या 'निरुपयोगी' वस्तूंचे प्रचंड गोळे करून बूव ते हवेत तरंगत ठेवतात. हसू येतंच. पण 'यांना काय कळतंय, आम्ही लावतो वळण' हा साहेबी सूर ओळखू येतो. असा सूर आतून ऐकवणं वाईट नाही, उलट ओ खोटं बोलला की हिरवा पडतो ही कल्पना मला फार आवडते.

बिनसतं ते ऑस्ट्रेलियापाशी. १७८८ मध्ये ब्रिटिश तिथे वसाहत करायला उतरले, आणि ती जमीन जणू कोणाच्या मालकीचीच नव्हती असं धरून कायदा चालला. तिथल्या हायकोर्टाने हे खोडून काढलं थेट १९९२ मध्ये! सिनेमाला याचं काहीच नाही. मोकळी जागा दिसली, मांडली वस्ती. पुस्तकात अमेरिकनांना आधी फ्लोरिडात आणि मग ॲरिझोनात हाकलतात, शिवाय एक मूळनिवासी म्हातारा महत्त्वाचं पात्र आहे. त्यामुळे 'हे आधीही घडलंय' हे तिथे लपत नाही.

सांजवेळ
टिपबद्दल कोणीच बोलत नाहीये. बार्बाडोसहून आलेली, शाळेत एकटी पडलेली मुलगी, आवाज रिहानाचा, तीही बार्बाडोसचीच. भरघोस कुरळे केस. कोणाची मैत्रीण म्हणून मागे उभी नाही, गाडी तीच चालवते, आईला शोधायचा हट्टही तिचाच. मोठ्या स्टुडिओच्या ॲनिमेशनपटात कृष्णवर्णीय मुलगी नायिका म्हणून तेव्हा जवळपास दिसायचीच नाही. माझ्या लेखी हे बाकी सगळ्यापेक्षा मोठं.

उलटा_टॉर्च
मोठं आहेच. मला रुखरुख एवढीच की तिचं परकेपण दोन-चार वाक्यांत आटोपतं आणि ओच्या एकटेपणाला जोडीदार म्हणून वापरलं जातं. शाळेत परकी ठरलेली मुलगी आणि जग बळकावणाऱ्यांतला एक नावडता, दोघं 'सारखेच एकटे'? नाही पटत.

निळी_छत्री, लेकीला गोर्गच्या, म्हणजे बूवांच्या मागे लागलेल्या शत्रूच्या, दगडाबद्दल विचारा. बूवांचा म्होरक्या स्मेक याने पळवलेल्या त्या दगडात गोर्गची पुढची पिढी असते. तो परत मिळाल्यावर गोर्ग थांबतो. म्हणजे चोरलेलं परत करायचं असतं हे सिनेमाला ठाऊक आहे. माणसांच्या बाबतीत मात्र घरं परत, लगेच नाचगाणी, आणि बूवांना जाब कोणीच विचारत नाही.

निळी_छत्री
दगडाचं विचारलं. तिचं म्हणणं, स्मेकचं नुसतं पद जाऊन भागणार नाही, त्याने घरोघरी जाऊन सामान लावून द्यायला हवं. पुस्तक नऊ वर्षांच्या मुलीला झेपेल?

उलटा_टॉर्च
जाड आहे आणि इंग्रजीही जरा तिरकस आहे, पण मध्ये मध्ये चित्रकथेची पानं आहेत. सुरुवातीला सोबत बसून वाचा.